पोपटी शर्ट कापायचा

"तात्या, माणूस कापता येत न्हाई. वेळ कापता येतो. पाच मिनिटं काढ म्हणा, काढतो. धा मिनिटं काढ म्हणा, काढतो. पण पाच मिनिटांतला एकच माणूस काढ म्हणाल, तर त्ये न्हाई व्हायचं!"

हे अय्युब चौथ्यांदा सांगत होता आणि समोरच्या खुर्चीत बसलेले भोंगवलीचे रखमाजी तात्या चौथ्यांदा मान हलवत होते. मान अशी हलवायची, की समोरच्याला वाटावं, चला, पटलं एकदाचं. आणि हलवून झाली की पुन्हा तोच सवाल.

"मंग साळूच्या फोटोतनं त्यो फुगेवाला कसा काय काढलास?"

घ्या! चूक अय्युबचीच होती, दुसऱ्या कुणाची नव्हे. तीन वर्षांपूर्वी तात्यांची बायको साळूबाई वारली, तेव्हा घरात तिचा एकटीचा एकही फोटो निघाला नाही. जत्रेतला एक होता, त्यात तिच्या मागं फुगेवाला उभा. अय्युबनं कॉम्प्युटरवर दोन दिवस घालवून तो फुगेवाला पुसला, मागं निळा पडदा लावला आणि हौसेनं फ्रेम करून दिली. तेव्हापासून तात्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, की भोरच्या एसटी स्टँडसमोर 'मदिहा व्हिडिओ शूटिंग' नावाचं दुकान आहे आणि तिथल्या अय्युबला माणसं नाहीशी करता येतात.

आता ज्याला नाहीसं करायचं होतं तो फुगेवाला नव्हता. तो तात्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता, चिमाजी.

झालं होतं असं. गेल्या मे महिन्यात तात्यांच्या एकुलत्या पोरीचं, शेफालीचं, लग्न झालं. पोरगी वेल्ह्याला दिली. शूटिंग अय्युबचं, तीन तासांची कॅसेट करून त्यानं तात्यांच्या हातात दिली आणि विषय संपला. आता फेब्रुवारीत जावयाला सुरतेकडच्या कंपनीत नोकरी लागली. सोमवारी दोघं निघणार होती. पोरीकडं कॅसेट लावायला यंत्र नाही, सीडीचं आहे, म्हणून ती बापाला म्हणाली, "तात्या, माझ्या लग्नाची सीडी तेवढी करून द्या. तिकडं माझं म्हणायला कोणी न्हाई." मागणं एवढंसं. पण मधल्या काळात तात्यांचं आणि चिमाजीचं फाटलं होतं.

विहीर एक, मोटार एक आणि लाइट दिवसातनं आठ तास. त्यात पाळ्या लावलेल्या. तात्या म्हणत, माझ्या पाळीला चिमानं स्टार्टर दाबला. चिमाजी म्हणे, पाळी माझीच होती, दादा दिवस विसरला. भर शेतात चार माणसांसमोर आवाज चढले आणि शेवटी तात्या बोलून गेले, "आजपास्नं मला भाऊ न्हाई." तात्या शब्दाचे असे पक्के, की घरच्यांच्या नाकी नऊ यावेत. भाऊ नाही म्हणजे नाही. बांधावर नाही, पंगतीत नाही आणि कॅसेटीतही नाही.

"त्याचं तोंड दिसता कामा नये," त्यांनी पहिल्याच दिवशी बोटं मोडत सांगितलं होतं. "पाठ दिसता कामा नये. आवाज येता कामा नये. तसली सीडी पोरीला दे. आन मंग ही कॅसेट माझ्यासमोर पुस. तुज्या त्या कॉम्प्युटरच्या डब्यात काय र्‍हायलं असलं तर त्ये बी पुस."

आणि ती कॅसेट म्हणजे एकुलती एक. शूटिंगच्या मूळ टेपा अय्युबनं जूनमध्येच दुसऱ्या लग्नाला वापरून टाकल्या होत्या. भोरात सगळेच वापरायचे. तेव्हा वाटलं होतं, कॅसेट दिली ना, आता टेपा सांभाळून काय लोणचं घालायचंय? आता वाटत होतं, आपल्याच थोबाडीत मारून घ्यावी.

कारण दुसऱ्याच दिवशी दुकानात शेफालीचा फोन आला.

"चाचा, तात्या सांगतील तसं कापा, माझं काई म्हणणं न्हाई. फकस्त कन्यादान ठेवा. काका-काकूंनी केलंय माझं. त्ये न्हाई, तर माझं लग्न कसलं?"

पोरीचं खोटं नव्हतं. कन्यादानाला जोडपं लागतं. तात्यांना बायको नाही. एकटा बाप पाटावर बसू शकत नाही, असं भटजींनी स्पष्ट सांगितलं. म्हणून चिमाजी आणि त्याची बायको अंबूबाई पाटावर बसली. पोरीचा हात जावयाच्या हातात दिला तो चिमाजीनं.

"अगं, तात्यांना विचार की मंग."

"विचारलं. काल हितं जेवाय आले होते, ताटावरनं उठले."

अय्युबची बायको खुर्शिदा समोरच्या काउंटरवर पासपोर्ट साइज फोटो कात्रीनं कापत बसलेली असायची. तिनं सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाली, "एक कॉपी गुपचूप काढून ठेवा की. तात्यांना काय कळतंय त्यातलं?"

"खुर्शिदा, लोक आपल्या लेकीसुनांची तोंडं आपल्या हवाली करतात," अय्युब भडकला. "गिऱ्हाईक पुस म्हणालं की पुसायचं. एकदा का चोरून ठेवायला लागलो, तर उद्या ह्या दुकानाची पायरी कोण चढेल?"

"मंग पुसा," खुर्शिदा म्हणाली आणि कात्री चालू केली. तिचं हे 'मंग पुसा' अय्युबला दिवसभर टोचत राहिलं.

बरं, कापायचं तर कशानं कापायचं? जुन्या पद्धतीनं दोन व्हीसीआर जोडून अय्युबनं आयुष्यभर कापाकापी केली होती, पण सीडी म्हटल्यावर कॉम्प्युटर आला आणि कॉम्प्युटर आला म्हणजे सॉफ्टवेअर आलं. आणि सॉफ्टवेअर निवडणं म्हणजे, खुदा दुश्मनावर वेळ न आणो! प्रत्येक जण सांगणार, आपलंच चांगलं. प्रत्येकाच्या खोक्यावर हसणारं कुटुंब.

पहिलं सॉफ्टवेअर कॅसेट कॉम्प्युटरात घ्यायच्या कार्डाबरोबर फुकट आलेलं. दिसायला गोंडस. कापलंही झटकन. पण पुढं लावून बघितलं तर आवाज मागं पडलेला. भटजींचं तोंड मिटतंय आणि 'सावधान' नंतर येतंय. लोक अक्षता आधी टाकतायत, मंगलाष्टक मागनं. वाजंत्रीवाला ढोल खाली ठेवून तंबाखू मळतोय आणि ढोल वाजतोच आहे.

"ह्यात माणूस निघतो का?" तात्यांनी विचारलं. ते एक दिवसाआड सकाळच्या एसटीनं येऊन बसायचे.

"न्हाई, तात्या."

"मंग दुसरं बघ."

दुसरं अय्युबनं नेट कॅफेतून उतरवून आणलं. अर्धा दिवस ते उतरतच होतं. हे म्हणे पंधरा दिवस वापरून बघा, आवडलं तर घ्या. आवाज जागेवर, चित्र स्वच्छ. अय्युब खूश. सेव्ह करून बघतो तर पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत इंग्रजीत मोठा पांढरा पट्टा, आणि तो बरोबर नवरीच्या तोंडावर. लग्नभर पट्टा. सप्तपदीत पट्टा. पाठवणीत पोरगी रडतेय आणि गालावर 'मला विकत घ्या' लिहिलेलं.

"ह्ये काय लिवलंय?" तात्या.

"जाहिरात हाय."

"तू पट्टी लावू शकतोस, मंग चिमाच्या तोंडाला लाव की!"

अय्युबनं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. खुर्शिदानं डोळे वटारले म्हणून ते तोंडातच राहिलं.

तिसऱ्यासाठी तो पुण्याला जाऊन आला. एकाच सीडीत दीडशे सॉफ्टवेअर, असं म्हणून एकानं गळ्यात मारलेली. त्यातलं हे सगळ्यात भारी, सिनेमावाले वापरतात म्हणे. उघडलं तर पडद्यावर इतकी बटणं, की विमान चालवायचंय असं वाटावं. त्याला सगळं यायचं. फक्त कापून सेव्ह कर म्हटलं की ते अख्खी तीन तासांची फिल्म पहिल्यापासून नव्यानं घडवायला बसायचं. अर्ध्या मिनिटाचा तुकडा काढला तरी तेच. वेळ दाखवायचं नऊ तास. आणि भोरात सलग नऊ तास लाइट गेल्या दिवाळीनंतर कुणी बघितलीय? सात तास झाले, आठवा चालू झाला, अय्युब देवाचं नाव घेत बसलाय, आणि फट्! यूपीएस दहा मिनिटं किंचाळणार आणि मान टाकणार. पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा. तिसऱ्या वेळी अय्युबनं कीबोर्ड टेबलावर आपटला, त्यातली दोन बटणं उडाली ती खुर्शिदानं टेबलामागून काढून दिली.

"मला इचाराल तर कात्री बरी," ती म्हणाली.

"तुला कुणी इचारलंय?"

पण बोलण्यात तथ्य होतं. त्याला नको होते पडद्यावर उमलणारे गुलाब, नको होती फिरणारी बदामं. त्याला हवी होती कात्री. इथून इथपर्यंत नको, बास. बाकी आहे तसं राहू दे. शेवटी कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीत त्याला ते सापडलं. इवलंसं, दिसायला भिकार, दोनच खुणा करायच्या: एक तुकडा सुरू होतो तिथं, एक संपतो तिथं. मधलं उडतं, उरलेल्याला ते हातसुद्धा लावत नाही, म्हणून सेव्ह व्हायला आठ मिनिटं. आठ! म्हणजे लाइट गेली तरी यूपीएसच्या किंचाळण्यात काम पुरं. अय्युबला त्या भिकार खिडकीची पापी घ्यावीशी वाटली.

"ह्यात माणूस—"

"न्हाई निघत, तात्या! न्हाई निघत! कशातच निघत न्हाई! चिमाजी जिथं दिसंल तिथला सगळा तुकडा जाईल. नवरा, नवरी, भटजी, समदं. चालंल?"

तात्यांनी मान वळवली. भिंतीकडं बघितलं. "चालंल," म्हणाले. "जाऊ दे."

"कन्यादान बी?"

"एकदा सांगितलं न्हवं?"

"पोरीचा फोन आला होता, तात्या."

"पोरगी लहान हाय. तिला काय कळतंय." आणि उठून गेले.

मग सुरू झालं कापणं. त्या लग्नात चिमाजीनं पोपटी शर्ट घातला होता. कडक, चकचकीत, शंभर माणसांत उठून दिसावा असा पोपटी. आणि तो माणूस एका जागी उभा राहील तर शपथ! मांडवाच्या दारात वऱ्हाडाला गुलाल लावतोय तो पोपटी. पाहुण्यांना फेटे बांधतोय तो पोपटी. सोसायटीच्या चेअरमनचा सत्कार चालला पाऊण तास, त्यात हार पुरवणारा पोपटी. पंगतीत बुंदीची घमेली घेऊन पळतोय तो पोपटी, उष्ट्या पत्रावळी उचलतोय तोही पोपटीच. अय्युब खूण करायचा, उडवायचा, पुढं जायचा, की पुन्हा कोपऱ्यातून पोपटी बाही. चार दिवस हेच. जेवताना ताटात पालेभाजी आली तरी तो दचकायला लागला.

"एवढं राबलं त्ये माणूस," एकदा खुर्शिदा मागं उभी राहून म्हणाली, "आन सख्खा भाऊ म्हणतो पुसा."

"मला नको सांगू. मला फकस्त कापायचंय."

शनिवारी सकाळी तात्या आले. अंगावर धुतलेला सदरा, टोपी नीट बसवलेली. पोरगी रविवारी माहेरी येऊन सोमवारी निघणार होती, म्हणजे आज सीडी हवी आणि आजच कॅसेट पुसायची. अय्युबनं खुर्ची पुढं सरकवून दिली.

"किती झालं?" तात्यांनी विचारलं.

"अकरा मिनिटं."

"तीन तासांचं?"

"तुमी सांगितलं तसं कापलंय. ह्यात तुमच्या भावाचं नख दिसलं तर दुकान बंद करतो."

त्यानं लावलं. आधी 'शुभविवाह', त्याच्या दोन्ही बाजूंना मोर. मग मांडवाचं दार, नुसतंच. बँडवाले. घोड्याचा मागचा भाग. हळदीच्या बायका, करवल्या, रुखवताचे लाडू एक एक करून. नवरदेव एकटाच बसून घड्याळ बघतोय. शेफाली आरशासमोर. एक कुत्रं मांडवाखालून निवांत जातंय. मग एकदम पाठवणी, तीही गाडी सुटल्यानंतरची. रस्त्यावर धूळ आणि 'आभार'.

तात्या पुढं वाकून बघत होते. संपलं तरी वाकूनच होते.

"पुन्यांदा लाव."

अय्युबनं पुन्हा लावलं. या खेपेला तात्यांचे डोळे नवरीवर नव्हतेच. ते कडाकडांनी फिरत होते. मांडवाच्या खांबामागं, बायकांच्या मागं, घोड्याच्या पलीकडं. काहीतरी शोधत होते. कुत्रं गेलं, गाडी गेली, धूळ उडाली.

"अय्युब," ते हळूच म्हणाले, "मी कुठं हाय रं?"

"आं?"

"पोरीचं लगीन माझ्या. मी कुठं दिसंना."

अय्युबनं फिल्म भराभर मागं-पुढं केली. खरंच की! चार दिवस तो पोपटी शर्टाच्या मागं असा लागला होता, की तात्यांच्या गुलाबी फेट्याकडं त्याचं लक्षच गेलं नव्हतं. तात्या एकाही ठिकाणी नव्हते. पोरीच्या लग्नात बापच नाही. आणि मग त्याचा बारा दिवसांचा साठलेला संताप एकदम बाहेर आला.

"कसं दिसाल, तात्या? तुमी हाय, लई ठिकाणी हाय! पण जिथं जिथं तुमी, तिथं तिथं शेजारी त्यो! मांडवात दोघं, पंगतीत दोघं, व्याह्यांच्या गळाभेटीला दोघं. मला सांगा, तुमाला तिथं ठिवून त्याला कसा काढू? कुठलं सॉफ्टवेअर आणू आता? चार बघितली, चार! आसंल कुठं पाचवं, तर तुमीच घेऊन या!"

खुर्शिदाची कात्री थांबली. अय्युबला लगेच वाईट वाटलं, कारण माणूस वयानं मोठा होता आणि चेहरा एकदम उतरला होता.

"कन्यादानात हाय का मी?" तात्यांनी विचारलं.

"हाय."

"लाव बरं. त्येवढंच."

अय्युबनं अख्खी तीन तासांची फाइल उघडली आणि बरोबर जागेवर आणून सोडली. पाटावर चिमाजी आणि अंबूबाई. पोपटी शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. समोर शेफाली मान खाली घालून. आणि मागं, चार पावलं लांब, मांडवाच्या खांबाला टेकून गुलाबी फेट्यातले तात्या. भटजींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. चिमाजीनं तो घेतलाच नाही. वळून मागं बघितलं.

"दादा, हितं ये की," पडद्यावरचा चिमाजी म्हणाला. गर्दीच्या आवाजातही स्वच्छ ऐकू आलं. "लांब का हुबा र्‍हायलास? माझ्या खांद्यावर हात ठेव. मी नुस्तं पाणी सोडतो. दान तुझं हाय."

तात्या खांबापासून सुटून पुढं आले. पोपटी खांद्यावर त्यांनी हात ठेवला. चिमाजीनं धार धरली. धार संपेपर्यंत तो हात तिथंच होता.

दुकानात पंखा तेवढा करकरत होता. तात्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, टोपी काढून पुन्हा घातली. खुर्शिदानं पाण्याचा पेला आणून ठेवला, तो त्यांनी एका दमात संपवला.

"सगळं ठेव," ते म्हणाले.

"सगळं म्हंजे?"

"सगळं म्हंजे सगळं. काय कापू नगंस."

"आन पुसायचं?"

"काय पुसायचं?" तात्यांनी असं विचारलं, की जणू हा शब्द आज पहिल्यांदाच कानावर पडतोय.

अय्युबनं कपाळावर हात मारून घेतला. बारा दिवस! पुण्याची खेप, नऊ नऊ तासांची जागरणं, कीबोर्डची दोन बटणं! आणि हा म्हातारा म्हणतो, काय पुसायचं! तात्या उठले, कॅसेट पिशवीत घातली, दारापर्यंत गेले आणि पायरीवरून परत फिरले.

"त्या चेअरमनचा सत्कार काप. लई लांबलाय."

"त्यात तुमचा भाऊ हार देतोय, तात्या. अख्खा पाऊण तास."

तात्या उभ्या उभ्या विचार करत राहिले. "मंग र्‍हाऊ दे," म्हणाले.

खुर्शिदा तोंडाला पदर लावून हसायला लागली. अय्युबला मात्र हसूही येईना आणि रडूही येईना. तो कॉम्प्युटरकडं वळला तरी तात्या दारातच. डोळे भिंतीवरच्या घड्याळावर.

"आता काय?"

"दोनला लाइट येती आमच्याकडं. आज पाळी माझी हाय. मी काय दोनला पोचत न्हाई."

"मंग?"

"फोन लाव."

नंबर तात्यांना तोंडपाठ होता. अय्युबनं दाबला आणि घंटा वाजायला लागल्यावर रिसीव्हर त्यांच्या हातात कोंबला. ते मागं सरकायला लागले, तशी खुर्शिदा मध्ये येऊन उभी राहिली. तात्यांनी रिसीव्हर कानाला उलटा लावला, मग सुलटा केला. पलीकडून कुणीतरी हॅलो म्हणालं. दोनदा म्हणालं.

"मी हाय," तात्या म्हणाले, आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी गच्च धरला.

मग बारीक, पण दुकानभर ऐकू जाईल असा चिमाजीचा आवाज आला.

"दादा, बोल की."

तात्यांनी घसा खाकरला. "बोलतुया. आधी मोटार लाव. दोनला लाइट येती. माझ्या वाफ्यात सोड पाणी, आन मंग तुझ्यात. पाळीचं काय ते... उद्या पोरगी येतीय, अंबूला घेऊन घरी जेवाय ये, तवा बघू."